पोरं मोबाईल काढतात आणि सड्यावर मी एकटीच बोलत राहते

पत्र : ताई, मी राजापूर तालुक्यातल्या एका गावची, वय २६, इतिहासात एम.ए. आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, कातळशिल्पं (जमिनीच्या कातळात खोदलेली चित्रं) आहेत आणि दोन सीझन झाले, येणाऱ्या लोकांना मी ती फुकट दाखवते. पंचेचाळीस मिनिटांचं सगळं पाठ केलंय, पुरावे, कोण काय म्हणतं, सगळं. पण शाळा-कॉलेजच्या सहली आल्या की पाच मिनिटांत पोरं मोबाईल काढतात नाहीतर एकमेकांना ढकलायला लागतात. मागच्या महिन्यात एका सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, मॅडम, जरा शॉर्टमध्ये घ्या. मुंबईच्या एका काकांनी तर हे परग्रहावरच्यांनी केलंय म्हणून अर्धा तास वाद घातला. आता गावाने सांगितलंय की आणखी पाच जणं तयार कर. मलाच जमत नाही तर मी त्यांना काय शिकवू? आई म्हणते, फुकट कशाला उन्हात करपतेस. ती लहानपणी त्याच सड्यावर गुरं राखायची.

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि एक गोष्ट फार आवडली, लोकांना कशाची किंमतच नाही असं तू कुठेही लिहिलेलं नाहीस, माझं काय चुकतंय असंच विचारलंयस. मग तुला आधी एकच विचारते. त्या पंचेचाळीस मिनिटांतली किती मिनिटं लोक चित्राकडे बघत असतात आणि किती मिनिटं तुझ्या तोंडाकडे? पुढच्या वेळी खरंच घड्याळ लावून बघ. माझा अंदाज आहे की चित्राकडे पाच मिनिटं पण होत नसतील, आणि ती पण फोटो काढण्यापुरती.

तू कधी मिरकरवाड्याला बंदरावर मासे घ्यायला गेली असशील ना? मावशी सुरमईबद्दल भाषण करते का? ती कल्ला उचलते, आतला लाल रंग दाखवते, मग अंगठ्याने पोटावर दाबते आणि बघ म्हणते, खळगा राहतोय का. तू बघतेस, तुझी खात्री पटते, आणि मग कुठे भाव आणि कालची बोट आणि वारा कसा होता हे सगळं बोलणं सुरू होतं, आणि तेव्हा तू ते ऐकतेस कारण मासा तू स्वतः बघितलेला असतो. गाईडचं काम ह्यापेक्षा फार वेगळं नाही गं. आपण मात्र उलटं करतो, आधी सगळं सांगून टाकतो आणि मग म्हणतो, आता बघा. तोपर्यंत बघायची इच्छाच गेलेली असते.

मला हे कळलं ते एका पोरामुळे. सातवीचा वर्ग होता, जानेवारीतली सकाळ, मी पण तेव्हा गाईड म्हणून पाठ करूनच बोलायचे आणि काळ कसा ठरवतात ह्यावर माझी गाडी चालली होती. एक मुलगा घोळक्यातून बाजूला जाऊन कातळशिल्पाच्या रेघेच्या कडेला उकिडवा बसला होता आणि डोकं अगदी जमिनीला टेकवून बघत होता. मी त्याला ओरडणार होते. तेवढ्यात तोच म्हणाला, बाई, ही रेघ दोन्ही बाजूंनी उतरती आहे, मधे खोल आहे. मी विचारलं, तुला कसं कळलं? तर म्हणाला, माझे आजोबा चिरेखाणीत हाताने चिरे काढायचे, ते सांगतात की जांभा आधी मऊ असतो आणि उघड्यावर राहिला की कडक होत जातो, मग हे ज्यांनी खोदलं त्यांना दगड मऊ लागला का कडक? वर्गातली बत्तीस पोरं एका क्षणात खाली बसली आणि रेघेत डोकावायला लागली. माझं भाषण तिथेच राहिलं. पुढची वीस मिनिटं आम्ही फक्त रेघ बघितली, किती रुंद, किती खोल, सगळीकडे सारखी आहे का, हत्यार कसलं असेल, एका माणसाला किती दिवस लागले असतील. त्या पोराने जे विचारलं ते माझ्या वहीत कुठेच नव्हतं.

म्हणून तुला पहिलं सांगणं हेच की पोचल्यावर एक मिनिट गप्प रहा. नमस्कार झाला, चपला-बूट कुठे काढायचे आणि कुठे पाय ठेवायचा नाही ते सांगून झालं की म्हण, आता एक मिनिट कोणीच बोलायचं नाही, मी पण नाही, फक्त बघायचं. ते मिनिट तुला खूप मोठं वाटेल, घाम फुटेल, पण थांब. मग तीन प्रश्न. इथे काय चाललंय असं वाटतं? असं कशावरून वाटलं? अजून काय दिसतंय? हे प्रश्न माझे नाहीत. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये शिक्षणाचं काम बघणारे फिलिप येनावाईन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसेन ह्यांनी चित्रं बघायला शिकवण्यासाठी जी पद्धत बसवली तिच्यातले आहेत, आणि आता जगभरच्या म्युझियममध्ये वापरतात. ती पद्धत भिंतीवरच्या चित्रांसाठी निघाली होती पण कातळावर तर ती जास्तच चालते, कारण इथे खाली पाटी नाही, चित्रकाराचं नाव नाही, वाचून मोकळं होण्यासारखं काहीच नाही, डोळेच वापरावे लागतात. तिन्हीतला मधला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कशावरून वाटलं, असं विचारलं की माणूस परत चित्राकडे बघतो. आपल्याला हवं असतं ते एवढंच.

आणि प्रश्न विचारलास की लगेच उत्तर देऊ नकोस! ही सवय मोडायला मला वर्ष लागलं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या सुमाराला शाळांच्या वर्गांतलं बोलणं टेप करून अभ्यास केला तर दिसलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्याला विचारतात. तेच थांबणं तीन सेकंद केलं तर मुलांची उत्तरं लांब व्हायला लागली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी तोंड न उघडणारी मुलंसुद्धा बोलायला लागली. तीन सेकंद म्हणजे मनातल्या मनात ‘एक नारळ, दोन नारळ, तीन नारळ’. मी असंच मोजते. सड्यावर वारा असतो, लोक दमलेले असतात, तिथे मी पाच नारळ मोजते.

प्रश्न कसा विचारायचा ह्यावर जरा थांबते, कारण बहुतेक गाईड इथेच अडकतात. ‘कळलं का?’ हा प्रश्नच नाही, त्याला सगळे हो म्हणतात आणि विषय संपतो. ‘हा कुठला प्राणी, सांगा बघू?’ ही पण परीक्षाच झाली, ज्याला येतं तो बोलतो आणि बाकीचे वर्गात मागच्या बाकावर बसल्यासारखे होतात. त्याऐवजी मी विचारते, ह्यातला कुठला प्राणी तुम्ही स्वतः बघितलाय आणि कुठला नाही? मग कोकणातलं पोर पटापट सांगतं, मासा बघितलाय, मोर बघितलाय, वाघ आजोबांनी बघितलेला. आणि मग कोणीतरी म्हणतं, हा शिंगवाला नाही बघितला. कोकणातल्या कातळशिल्पांत गेंडा आहे. आज आपल्याकडे गेंडा नाही, आसामात आहे. मग खोदणाऱ्याने तो कुठे बघितला? तेव्हा इथे असा पाऊस, असं जंगल होतं का? का तो लांबून आला होता? हा प्रश्न तू मोठ्यांदा विचार आणि सरळ सांग की ह्याचं पक्कं उत्तर अजून कोणाकडे नाही. ज्या गोष्टीचं उत्तर गाईडकडेही नाही ती पोरं घरी घेऊन जातात, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

चुकीचं उत्तर आलं तर? येणारच. गेंड्याला कोणी डायनासोर म्हणेल. ‘नाही, चूक’ म्हणालीस की त्या दिवशी तो मुलगा परत बोलणार नाही, आणि त्याच्या शेजारचे चारही बोलणार नाहीत. शाबास पण म्हणू नकोस, मग सगळे शाबासकीसाठी काहीही बोलायला लागतात. फक्त म्हण, डायनासोर, बरं, कुठला भाग बघून वाटलं? तो म्हणेल शिंग. मग बाकीच्यांना विचार, शिंग कोणाकोणाला असतं? दोन मिनिटांत वर्ग स्वतःच गेंड्यापर्यंत येतो, आणि डायनासोर म्हणणारा सगळ्यात आधी येतो कारण शिंग त्यानेच शोधलेलं असतं.

आता त्या काकांचं. परग्रहवाल्यांवर रागावू नकोस, त्यांना चित्र बघून आश्चर्य वाटलंय आणि ते आश्चर्य खरं आहे. त्यांनाही तोच मधला प्रश्न विचार, काका, कशावरून? ते म्हणतील, एवढं मोठं माणसाला कसं जमेल, वरून बघितल्याशिवाय कसं काढणार? हा प्रश्न चांगला आहे! तुमच्याच तालुक्यात कशेळीला हत्ती आहे तो साधारण १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या आत आणखी कितीतरी लहान प्राणी खोदलेत. मग काकांच्या हातात दोरी दे. खरंच दे. पिशवीत वीस मीटर सुतळी आणि चार खडे ठेव, सपाट मोकळ्या जागेवर (शिल्पापासून लांब, हे महत्त्वाचं) त्यांनाच पोरांना घेऊन एक मोठा प्राणी सुतळीने मांडायला सांग. दहा मिनिटांत मांडतात. जमिनीवर उभं राहून, पावलं मोजून, एकमेकांना ‘अजून डावीकडे’ असं ओरडून मोठं चित्र काढता येतं हे माणसाला हाताने करून कळलं की वाद घालायचं कारणच उरत नाही. आणि तरीही ते अडून बसले तर एवढंच म्हण की आपण सगळं बघून झाल्यावर सावलीत बसून बोलू, आणि घोळका घेऊन पुढे चालायला लाग. एका माणसाच्या वादात तीस जणांची सकाळ जाऊ द्यायची नाही, ही पण गाईडचीच जबाबदारी.

ह्याच्यातच एक मोठी गोष्ट येते, ती तू त्या पाच जणांना पहिल्या दिवशीच शिकव. आपण जे बोलतो त्यात तीन प्रकारचं बोलणं असतं, जे नक्की माहीत आहे ते, जो अंदाज आहे तो, आणि जे गावात सांगतात ते. तिन्ही सांगायचं, पण वेगवेगळ्या आवाजात. आहे ते आहे म्हणून, अंदाज अंदाज म्हणून आणि गावातली गोष्ट ‘आमच्याकडे असं सांगतात’ म्हणून. कोकणातली कातळशिल्पांची नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली, त्यात गोव्यातलं एक धरून, हे नक्की. ती अमुक हजार वर्षांपूर्वीची हा अंदाज, आणि अंदाज बांधणाऱ्यांचं आपसात जमत नाही. तुमच्या तालुक्यातल्या देवाचे गोठणे गावच्या सड्यावर होकायंत्राची सुई भरकटते, ते तुला दाखवता येतं, जांभ्यात लोह भरपूर असतं हे सांगता येतं, त्याच्या पुढे जाऊन शक्ती-बिक्ती सांगायची नाही.

विजयदुर्गाचं उदाहरण देते कारण हे मला फार लागतं. किल्ल्यावर साहेबाचे कट्टे (दुर्बिणीसाठी बांधलेले चौथरे) दाखवतात आणि बरेच जण सांगतात की १८६८ मध्ये लॉकियर साहेबाने इथून सूर्यग्रहण बघितलं आणि हेलियमचा शोध लागला. ऐकायला छान आहे. पण १८ ऑगस्ट १८६८ च्या त्या ग्रहणात सूर्याचा प्रकाश तपासणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होता, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता, त्याने ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या प्रकाशात तो अनोळखी पिवळा पट्टा, म्हणजे हेलियमची खूण, बघितला. मग विजयदुर्गाचा संबंध काय? आहे, आणि पक्का आहे. लॉकियर इथे आला, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. म्हणजे ज्याने त्या वायूला सूर्यावरून नाव दिलं, आणि रसायनशास्त्रज्ञ रामसे ह्याने १८९५ मध्ये तो वायू पृथ्वीवर सापडवून दाखवल्यावर ज्याचं म्हणणं खरं ठरलं, तो माणूस तीन वर्षांत स्वतः आपल्या किल्ल्यात दुर्बिणी मांडून बसला होता. मला सांग, खरी गोष्ट कमी आहे का? उलट जास्त भारी आहे! आपल्या गावाचं नाव मोठं व्हावं म्हणून लोक गोष्ट फुगवतात, ते प्रेमापोटीच असतं, त्यांना चारचौघांत खोटं पाडायचं नाही. ‘लोक असं सांगतात, आणि झालं होतं ते असं’ एवढं म्हणून खरी गोष्ट अशी रंगवून सांगायची की ऐकणाऱ्याला खोटीची आठवणच येऊ नये. पण तुझ्या तोंडून फुगवलेली गोष्ट जाऊ देऊ नकोस कधी. तू सड्यावर उभी आहेस म्हणून लोक तुझ्यावर विश्वास ठेवतात, पुस्तक नाही उघडत कोणी नंतर.

ते सर ‘शॉर्टमध्ये घ्या’ म्हणाले ते तुला लागलं हे कळतंय, सगळ्यांसमोर म्हणायला नको होतं. पण मुद्दा खरा होता. पंचेचाळीसचे पंचवीस कर. काय काढायचं हे कसं ठरवायचं? एक वाक्य लिही, लोकांनी घरी जाताना गाडीत एकमेकांना काय सांगावं असं तुला वाटतं ते. एकच. ते लिहिलं की बाकीच्या प्रत्येक गोष्टीला विचार, तू ह्या वाक्याच्या कामाची आहेस का? नसेल तर वहीत राहू दे, कोणी विचारलं तर बाहेर काढ.

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याचंच बघ. खोल्या, लाकूडकाम, मूर्ती, सगळं सांगत बसलं तर तास जाईल आणि लक्षात काही राहणार नाही. मी एकदा फक्त एका धाग्यावर अख्खी फेरी नेली. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा, राजधानी मंडाले, १८८५ मध्ये इंग्रजांनी राज्य घेतलं आणि त्याला आणून ठेवलं रत्नागिरीत. हा वाडा बांधून झाला १९१० मध्ये आणि राजा गेला १९१६ मध्ये, म्हणजे तीस वर्षं परमुलखात आणि त्यातली शेवटची सहाच ह्या वाड्यात. आणि त्याच काळात, १९०८ ते १९१४, रत्नागिरीत जन्मलेले टिळक कुठे होते? मंडालेच्या तुरुंगात. मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत कैदेत, एकाच सरकारने दोघांना घर सोडायला लावलेलं. हे सांगून मी खिडकीपाशी थांबले आणि विचारलं, इथे उभं राहून त्याला काय दिसत असेल आणि काय आठवत असेल? गल्फमध्ये नोकरी करून आलेले एक गृहस्थ होते, ते बराच वेळ तिथून हललेच नाहीत. त्या दिवशी मी वाड्यातल्या निम्म्या वस्तूंबद्दल बोललेच नाही, आणि कोणी तक्रार केली नाही.

आता उभं राहायचं कसं, हे कोणी शिकवत नाही म्हणून सांगते. ऊन तुझ्या तोंडावर घे, लोकांच्या पाठीवर राहू दे, नाहीतर ते डोळे बारीक करूनच उभे राहतात आणि आपल्याला वाटतं कंटाळले. वारा तुझ्या पाठीमागून लोकांकडे जाईल अशी उभी रहा, अर्धा आवाज वाचतो. चालता चालता बोलू नकोस, शेवटची आजी पोचेपर्यंत तोंड उघडायचं नाही, कारण ती जिवाच्या आकांताने आलेली असते आणि पोचते तेव्हा गोष्ट संपलेली असते. कोणी प्रश्न विचारला तर आधी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा परत म्हण. आणि वेळ! दुपारी बारा वाजता रेघा दिसतच नाहीत गं, ऊन सरळ डोक्यावर असतं आणि कातळ सगळा एकसारखा दिसतो. सकाळी साडेआठच्या आत नाहीतर संध्याकाळी साडेचारनंतर, ऊन तिरकं आलं की प्रत्येक रेघेत सावली भरते आणि प्राणी आपोआप वर उठल्यासारखा होतो. दुपारचीच सहल आली तर मोठी छत्री आणि एक चांगली बॅटरी ठेव, छत्रीच्या सावलीत बॅटरी जमिनीलगत आडवी धरली की रेघ उठून दिसते. पोरांना हे करायला दे, त्यांना सोडवत नाही मग.

दमण्याचं पण मनावर घे. बोस्टनच्या म्युझियममध्ये १९०७ च्या सुमाराला लोकांना वस्तू दाखवणारी माणसं नेमायला सुरुवात झाली, त्यांना डोसंट म्हणायचे, आणि त्याच म्युझियमच्या गिलमन नावाच्या माणसाने १९१६ मध्ये ‘म्युझियमचा थकवा’ ह्यावर लिहिलं. काचेतल्या वस्तू बघायला माणसाला किती वाकावं लागतं, मान कशी वळवावी लागते त्याचे त्याने फोटोच काढून दाखवले. माणसाचं डोकं थकायच्या आधी मान आणि पाय थकतात. तुझ्याकडे तर एसी नाही, बाक नाही, वर ऊन. म्हणून दर दहा मिनिटांनी बसव. गडग्यावर (दगडी कुंपणावर) बसव, झाडाखाली बसव, पाणी प्यायला लाव. जे सांगायचं ते बसलेल्यांना सांग आणि जे बघायचं ते उभं राहून गप्प बघू दे.

‘पाय ठेवू नका, खडूने गिरवू नका’ हे नुसतं दटावून सांगितलं तर पाठ वळली की पाय पडतोच. कारण सांग. पावसाळ्यात ह्याच रेघांत पाणी साठतं, माती धरते, गवत उगवतं, कातळ असा पण झिजतोच आहे, त्यात आपल्या बुटाखालचा एक खडा घासला तर काय होईल? फोटोत रेघ उठून दिसावी म्हणून लोक खडू आणि चुना भरतात, तो पुसायला परत घासतात. मी पोरांपैकीच दोघांना राखणदार नेमते, सगळ्यात दंगेखोर असतील त्यांनाच, आणि ते मोठ्या माणसांना पण सोडत नाहीत.

आता तुझी पाच जणं. त्यांना तुझं भाषण झेरॉक्स करून देऊ नकोस, हात जोडून सांगते. दशावतार बघितलायस ना रात्रभर जागून? नाटकाची संहिता लिहिलेली नसते, कथा सगळ्यांना माहीत असते, कोण कधी येणार ते ठरलेलं असतं, आणि संवाद समोरचं गाव बघून तिथल्या तिथे होतात. म्हणून तोच खेळ दुसऱ्या गावात बघितला तरी शिळा वाटत नाही. तुझ्या पोरांना कथा दे, थांबायच्या जागा दे, पक्क्या गोष्टी दे, आणि शब्द त्यांचे त्यांना शोधू दे. जो रिक्षा चालवतो तो रिक्षावाल्यासारखाच बोलू दे, मालवणी येत असेल तर मालवणीतच बोलू दे, चाकरमानी तर ते ऐकायलाच आलेले असतात.

पहिले दोन रविवार बोलायचंच नाही असं ठरव. पाचही जणांनी एक एक शिल्प वाटून घ्यायचं आणि अर्धा तास एकट्याने बघून त्याचं चित्र वहीत काढायचं, चित्र चांगलं यायला हवं असं काही नाही, पण काढताना डोळा ज्या ठिकाणी जातो तिथे एरवी जात नाही. तिसऱ्या रविवारी एकाने दाखवायचं आणि बाकीच्यांनी पाहुणे व्हायचं, एकाने लहान पोर व्हायचं, एकाने सगळं माहीत असलेले काका, एकाने गुडघे दुखणारी आजी. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि नंतर ऐकून फक्त दोन गोष्टी मोजा, गाईड किती वेळ बोलला आणि प्रश्नानंतर किती सेकंद थांबला. दुसरी टीका करायची नाही, ‘तुझे हात फार हलतात’ वगैरे काही नको, माणूस बिचकतो. आणि ‘मला माहीत नाही, शोधून सांगते’ हे वाक्य सगळ्यांकडून मोठ्यांदा म्हणवून घे, दहादा. ते तोंडात बसलं नाही की माणूस थापा मारायला लागतो. प्रश्न वहीत लिहायचा, विचारणाऱ्याचा नंबर घ्यायचा आणि खरंच कळवायचं.

फुकट करतेस ह्यावर आईचं बरोबर आहे, थोडं बोल गावाशी. सहलीमागे काही ठराविक रक्कम ठेवली तर लोक देतात, आणि पाच जणं टिकायची असतील तर निदान पेट्रोल आणि चहापाणी सुटायलाच हवं. पण आईला उत्तर मी अशा तऱ्हेने देईन. ह्या शिल्पांची माहिती अभ्यासकांना नंतर झाली, गुराख्यांना ती आधीपासून होती, आणि तुझी आई त्यातली एक आहे. तिला तू कधी विचारलंयस का? एका संध्याकाळी पाचला तिला घेऊन सड्यावर जा, ऊन तिरकं असताना. तू काही सांगू नकोस. ह्या चित्रांना तुम्ही पोरं काय म्हणायचात, गुरं त्यावरून न्यायचात का बाजूने, तुझ्या आईने तुला काय सांगितलं होतं, एवढंच विचार आणि प्रत्येक वेळी पाच नारळ मोज. जे बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेव, तारीख टाकून. आणि मला पण कळव.